होडी लोटायला दोघं लागतात

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात करते एका बुडालेल्या होडीपासून.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. भिवंडी तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात आमच्या गटातल्या ताईंची फायबरची लहान होडी होती. गटाच्या कर्जातून घेतलेली. नवरा चिंबोऱ्या धरायचा, जाळं टाकायचा, ताई भिवंडीच्या बाजारात मासळी विकायच्या. जुलैमध्ये नवऱ्याला ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच आठवड्यात अमावस्येचं उधाण आणि वरून आलेलं पावसाचं पाणी एकत्र आलं. होडी काठाला एका खुंटीला बांधलेली. दोर आखूड. पाणी चढलं तशी होडी वर उचलली गेली नाही, तोंड खाली ओढलं गेलं, पाणी भरलं आणि रात्रीत ती कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या दिवशी खारफुटीत अडकलेली अर्धी सापडली.

ताई घरीच होत्या. होडीपासून दोनशे पावलांवर. त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं की उधाणाला दोर किती सैल ठेवायचा, होडी वर कशी ओढायची, ओढायला कोणाला हाक मारायची. "होडी यांची, मी कशाला हात लावू?" असं त्या म्हणाल्या. कर्जाचे हप्ते मात्र ताईंच्या नावावर होते आणि ते थांबले नाहीत.

त्यानंतर गटाच्या बैठकीत ठराव झाला, की होडीसाठी कर्ज मागणाऱ्या घरातल्या नवरा-बायको दोघांनाही होडी पाण्यात सोडता आणि बाहेर काढता आली पाहिजे. ठराव लिहिला मी, सही सगळ्यांची. पण लिहिताना माझ्या मनात प्रश्न आला. आपल्या या भागात होड्यांचा एवढा मोठा इतिहास आहे, त्यात बाई कुठे आहे? इतिहास बी.ए.ला होता माझा. वाचायला बसले.

भिवंडीत बंदर मोहल्ला आहे, तुम्हाला माहीत आहे. आज तिथे उभं राहिलं तर बंदर कुठलं, असंच विचारावं लागेल. पण नाव उगीच पडत नाही. रेल्वे आणि डांबरी रस्ते यायच्या आधी या भागाचा हमरस्ता म्हणजे खाडी. कल्याणकडून येणारी उल्हास, आपली कामवारी, पुढे वसईची खाडी. भात, मीठ, जळाऊ लाकूड, कौलं, रेती, सगळं भरतीच्या पाण्यावर आत यायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर जायचं.

कल्याण तर त्याहून जुनं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या खलाशानं आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' म्हणतात त्या पुस्तकाला. त्यात कल्याणचं नाव आहे. त्या काळच्या राजकारणामुळे तिथे चुकून आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो लिहितो. म्हणजे आपल्या खाडीच्या तोंडाशी तेव्हाही बंदोबस्त होता!

बोरिवलीजवळ एकसर गावी वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीरांची स्मारकं. शिलाहारांच्या काळातली मानली जातात. दगडावर गलबतांची रांग कोरली आहे, वल्हेकरी ओळीनं बसलेत, समुद्रात लढाई चालली आहे. आणि बाया? बाया वरच्या पट्टीत, अप्सरा होऊन, मेलेल्या वीराला स्वर्गात न्यायला. मला ते चित्र पाहून हसू आलं आणि जरा रागही आला. होडीजवळ बाई नाही, ढगात आहे.

मग येतं ते सगळ्यांच्या परिचयाचं वर्ष. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतलं. त्यानंतर याच खाडीत लढाऊ जहाजं बांधायला सुरुवात झाली. मराठ्यांच्या आरमाराचा पाया इथे पडला असं आपण अभिमानानं सांगतो, आणि ते खरंही आहे. पोर्तुगीजांच्या १६५९ सालच्या कागदांत याची धास्ती दिसते. शिवाजी कल्याण-भिवंडीकडे वीसेक जहाजं बांधतोय, असं त्यांचे अधिकारी लिहितात. जहाजबांधणी जाणणारा रुई लैतांव व्हियेगस नावाचा एक पोर्तुगीज महाराजांच्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं त्याला आणि त्याच्याबरोबरच्या माणसांना समजावून फोडलं आणि ती माणसं काम टाकून निघून गेली. तरी काम बंद पडलं नाही. इथल्या सुतार, लोहार, कोळी, भंडारी लोकांनी ते पुढे नेलं.

आता एक साधा विचार करा. जहाज बांधून झालं की ते काठावर असतं. ते पाण्यात कसं गेलं? क्रेन नाही, ट्रॅक्टर नाही. खाली ओंडके घालायचे, तेलकट करायचे, दोर बांधायचे आणि माणसांनी ओढायचं. शिवाय पाणी पुरेसं वर आलेलं हवं, म्हणजे उधाणाचा दिवस हवा. कोणी ओढलं, किती जणांनी ओढलं, हे कागदात मिळत नाही. पोर्तुगीजांनी जहाजं मोजली, हात कोण मोजणार?

पण गावात हातांची आठवण शिल्लक असते. खाडीकाठच्या एका आजींना मी विचारलं, "तुमच्या लहानपणी होडी कोण ओढायचं?" त्या म्हणाल्या, "सगलीच. पुरुष पानयात, आमी दोराला." मी पुन्हा विचारलं, "म्हणजे बायका दोर ओढायच्या?" आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला शिकवलं कोणी. "मंग? होरी का येकल्याची असते?"

पावसाच्या तोंडावर होडी बाहेर काढून झावळ्या-पेंढ्यानं शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात न्यायची, या दोन्ही वेळा घरची, शेजारची सगळी माणसं लागायची. बाई पाण्यात जात नव्हती, पण पाण्याच्या कडेपर्यंतचं काम तिचंही होतं. पुढे होड्यांना यंत्रं आली, ओढायला ट्रॅक्टर आला, तेव्हा सगळ्यात आधी दोरावरून हात सुटले ते बायकांचे. कोणी काढून घेतले नाहीत. लागेनासे झाले, एवढंच. माझ्या मते आमच्या ताईंची होडी बुडाली त्याचं मूळ इथे आहे.

काही ठिकाणी बाईनं होडीला पाय लावू नये असंही मानतात. होडीचं औक्षण बाईनं करायचं, होडीवर नाव बाईचं नाहीतर देवीचं लिहायचं, मासळी बाईनं विकायची, उधारी तिनं वसूल करायची, पण चढायचं नाही. यावर वाद घालायला मी बसलेली नाही. होडी वाहून जाताना ती बाई कोण, पुरुष कोण ते बघत नाही, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

आता बायकांच्या एका जुन्या विद्येबद्दल सांगते, आणि ही विद्या तुमच्या प्रत्येकीच्या घरात भिंतीवर टांगलेली आहे. कालनिर्णय! कोकणपट्टीत भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशोब आहे: जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, जेवढे येतील तेवढ्या वाजता पाणी पूर्ण चढलेलं असतं. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या पुढे-मागे भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण तासानं पुढे सरकते.

हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. आपल्याकडे, आत खाडीत, पाणी पोचायला त्यानंतर आणखी वेळ लागतो. तो किती, हे प्रत्येक काठाचं वेगळं असतं, आणि ते तुमच्या गावातल्या जुन्या माणसाला बरोबर माहीत असतं. विचारून घ्या आणि कालनिर्णयवरच पेन्सिलीनं लिहून ठेवा.

तिथी कोणाला तोंडपाठ असते? संकष्टी कधी, एकादशी कधी, हे पुरुष आपल्यालाच विचारतात. म्हणजे भरतीचं घड्याळ आपल्याच हातात होतं. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचं मोठं पाणी, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं लहान पाणी. होडी वर काढायची तर उधाणाला काढली की उंचावर जाऊन बसते, सोडायची तरी तेव्हाच. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात त्यामागे देवाधर्मासोबत हेही आहे.

आता जरा लांब जाऊ. जपानमध्ये इसे-शिमा नावाचा समुद्रकाठ आहे. तिथल्या बायका शतकानुशतकं समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढतात. त्यांना 'आमा' म्हणतात. त्यांच्यात एक पद्धत अशी, की होडीत दोघंच, नवरा आणि बायको. बायको कमरेला दोर बांधून खोल पाण्यात उतरते. नवरा वर होडीत बसून दोर धरतो आणि तिनं खूण केली की तिला भराभर वर ओढून घेतो. तिचा श्वास त्याच्या हातात. अशा होडीला ते 'तोतोकाका' होडी म्हणतात. तोतो म्हणजे बाबा आणि काका म्हणजे, हसू नका, आई. जपानात आई काका असते! पण मुद्दा बघा: पाण्यात उतरणारी बाई आणि दोर सांभाळणारा पुरुष. आपल्याकडे उलट. म्हणजे कोणी काय करायचं हे पाण्यानं ठरवलेलं नाही, माणसांनी ठरवलंय.

आपल्या देशातली गोष्ट घ्या. केरळात त्रिशूर जिल्ह्यात चेट्टुवा इथे के. सी. रेखा नावाची बाई आहे. नवरा कार्तिकेयन मच्छीमार. होडीवरचे मदतनीस काम सोडून गेले, दुसरे ठेवायला पैसे नव्हते, चार मुली घरात. रेखा म्हणाली, मी येते. सुरुवातीला समुद्र लागायचा, उलट्या व्हायच्या. नवऱ्यानं शिकवलं, ती शिकली. खोल समुद्रात मासेमारीचा परवाना मिळालेली ती भारतातली पहिली स्त्री, आणि २०१७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं तिचा सत्कार केला. पहिली, २०१७ साली! आपल्या खाडीत दोन हजार वर्षं गलबतं येतायत आणि परवान्यावर बाईचं नाव यायला एवढी वर्षं लागली.

आपल्या महाराष्ट्रात वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. २०१७ पासून. वल्हं मारणं त्या शिकल्या, झाडांची नावं शिकल्या, पक्षी ओळखायला शिकल्या. गट तुमच्या-आमच्यासारखाच. आणि उजनीच्या धरणात पाहिलंत तर भोई घरातली नवरा-बायको एकाच होडीत दिसतात. एक जण वल्हवतो, दुसरा जाळं सोडतो. त्यांच्यात हे कधी बातमी झालं नाही, कारण ते रोजचंच आहे.

त्याच उजनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलं होती. म्हणून आमच्या सरावात पहिला नियम लाइफ जॅकेटचा. पोहता येतं म्हणणाऱ्यालासुद्धा. एक काका म्हणाले, "मी खाडीतच वाढलो, मला कशाला?" त्यांच्या मंडळींनी जॅकेट त्यांच्या हातात दिलं आणि काही न बोलता तिथेच उभ्या राहिल्या. काकांनी घातलं.

तर आमचा सराव. गावातल्या गणपती विसर्जनाच्या घाटाला सिमेंटचा चांगला उतार आहे, तिथे. होडीच्या मापाची दोन चाकांची ट्रॉली वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. ती ट्रॅक्टरला लावायची, उलटी पाण्याकडे न्यायची, होडी तरंगली की सोडायची. ऐकायला सोपं आहे.

पहिल्या दिवशी चार जोड्या आल्या. पहिल्या अर्ध्या तासात चारही जोड्यांची भांडणं झाली. ट्रॅक्टरवर नवरा, पाण्यात बायको. तो विचारतो, "इकडं का तिकडं?" ती म्हणते, "इकडं!" तिचं इकडं म्हणजे त्याचं तिकडं. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते, त्यामुळे दोघंही बरोबर असतात आणि ट्रॉली मात्र घाटाच्या कठड्याला लागते. वर इंजिनाचा आवाज. "अगो, दोर सोड!" "अहो, बांधला कुठंय?" गाव गोळा झालं होतं. फुकट तमाशा.

उपाय सुचवला एका ताईंनी, ज्यांचा भाऊ एसटीत कंडक्टर आहे. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन शिट्ट्या म्हणजे चल. बोलायचंच नाही. हातानं ज्या बाजूला दाखवलं ती ट्रॉलीची बाजू, ट्रॅक्टरची नाही. त्या शिट्टीनं अर्धी भांडणं मिटली. खरं सांगते, घरातही वापरावी असं दोघी-तिघींचं मत पडलं.

मग चुकांमधून बाकीचं समजत गेलं. होडीच्या तळाला पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच आधी लावायचं. आमच्या एका जोडीनं होडी झोकात सोडली आणि दोन मिनिटांत आत घोटाभर पाणी. बूच घरी, खिडकीत. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा दोर काठावरच्या माणसाच्या हातात असल्याशिवाय ट्रॉलीचा पट्टा सोडायचा नाही, नाहीतर होडी एकटीच वसईला निघते. बाहेर काढताना होडी ट्रॉलीच्या मधोमध बसली का हे पाण्यात उभं राहून बघायला एक माणूस लागतोच. पण ट्रॅक्टर आणि होडी यांच्यामध्ये कोणी उभं राहायचं नाही. साडीचा पदर आणि ओढणी खोचून, शक्यतो सलवारीवर यायचं, दोर आणि चाक दोन्ही कापड ओढतात. चाकं खाऱ्या पाण्यात बुडतात, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायची, ग्रीस भरायचं. हे धुण्याचं काम बायकांकडेच येणार अशी मला शंका होती, तेव्हा गटानं पाळी लावली.

दुसऱ्या दिवशी कामं बदलली. बायको ट्रॅक्टरवर, नवरा पाण्यात. ज्या ताईंची होडी गेली होती त्या ट्रॅक्टरवर बसायला तयार नव्हत्या. नवरा बरा होऊन आला होता, तोच म्हणाला, "तू बस, मी शिट्टी वाजवतो." तीनदा चुकलं. चौथ्यांदा ट्रॉली सरळ उतरली. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा होडी तरंगत होती आणि दोर नवऱ्याच्या हातात होता. त्या दिवशी घाटावर कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. भरती उतरायला लागली होती, होडी लगेच बाहेर काढायची होती.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही. एक सासूबाई मला म्हणाल्या, "बाईनं ट्रॅक्टर चालवायचा आणि पुरुषानं चिखलात उभं राहायचं, ही कुठली रीत?" मी म्हटलं, "आई, चिखलात उभं राहण्यात कमीपणा काय, तुम्ही आयुष्यभर भात लावलंत की." त्या गप्प बसल्या, पण पटलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही.

आता कागदाची गोष्ट. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात वैयक्तिक लाभार्थ्याला मान्य खर्चाच्या ४० टक्के मदत मिळते, आणि लाभार्थी स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ६० टक्के. म्हणजे मान्य खर्च एक लाख असेल तर चाळीसऐवजी साठ हजार. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डही मच्छीमारांना मिळू लागलं. त्यामुळे आता घराघरांत अर्ज बाईच्या नावानं भरायची घाई आहे. चांगलंच आहे. पण एका कार्यालयात मी आमच्या ताईंबरोबर गेले, तेव्हा साहेबांनी प्रश्न ताईंचा कागद हातात धरून नवऱ्याला विचारले. होडी किती फूट, इंजिन कुठलं, लावणार कुठे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सराव झालेला होता. साहेबांनी पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "त्यांना विचारा, होडी त्यांची आहे." ताईंनी सगळं सांगितलं, भरतीच्या हिशोबासकट. साहेबांनी तिथीची पाऊणपट कागदावर लिहून घेतली.

अजून एक सांगायचं राहिलं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला तेव्हा बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर माणसं आत. होड्यांनी माणसं बाहेर काढली. ती मदत बाहेरून यायला वेळ लागतो, लागणारच. आपल्या काठच्या गावांत होड्या आहेत, ट्रॉली आहे, ट्रॅक्टर आहे. पुराच्या रात्री घरात जे माणूस असेल त्याला ती होडी सोडता आली पाहिजे, आणि बरेचदा ते माणूस आपणच असतो.

पुढचा सराव येत्या द्वादशीला आहे. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. घाटावर पाणी त्यानंतर चढतं, तरी आठलाच या, कारण ट्रॉली लावायला वेळ जातो. जोडीनं या. नवरा कामाला गेला असेल तर दीर, मुलगा, जाऊ, कोणीही चालेल, हात दोन माणसांचे हवेत. लाइफ जॅकेट गटाकडे आठ आहेत. शिट्टी मी आणते. बूच तुम्ही आणा.